मुक्काम पोस्ट साइट

सोमवारी पहाटे हर्सूलहून निघालेला कारागीर किती दिवसांनी घरी परतणार, हे त्याच्या हातातल्या सामानावरून ओळखता येते. हातात नुसता डबा असेल, तर तो चिकलठाण्याला, शेंद्र्याला नाहीतर वाळूजला जाणारा. रात्री जेवायला घरी. डब्यासोबत कपड्यांची बॅग असेल, गोणपाटात गुंडाळलेली थापी, करणी, ओळंबा असेल आणि वरच्या पिशवीत दोन दिवस टिकतील इतक्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची पुडी असेल, तर त्याची गाठ शनिवारी रात्रीच. मधले सहा दिवस त्याचा पत्ता एकच: साइट.

गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी, वायरमन, प्लंबर आणि त्यांना घेऊन जाणारे छोटे गुत्तेदार असे हजारो लोक मराठवाड्यातून आठवडाभर बाहेर असतात. ऊसतोड मजुरांचे स्थलांतर निदान चर्चेत तरी असते. ते दिवाळीनंतर निघतात, सहा महिन्यांनी परततात, त्यांच्यावर अहवाल येतात, मोर्चे निघतात. आठवड्याला जाऊन येणाऱ्याला मात्र कुणी स्थलांतरित म्हणत नाही. त्याचे रेशनकार्ड गावात, मतदान गावात, मुले गावातल्या शाळेत. कागदोपत्री तो घरीच असतो.

जळगाव रस्त्यावरचे गाव

हर्सूल हे छत्रपती संभाजीनगरचे उत्तरेकडचे तोंड. दिल्ली गेटकडून निघालेला जळगाव रस्ता टी पॉइंट आणि मध्यवर्ती कारागृह मागे टाकून गावातून पुढे जातो. एका बाजूला जटवाड्याचे डोंगर, तिकडून येणारी खाम नदी, तिच्यावरचा हर्सूल तलाव. जायकवाडीचे पाणी शहरात येण्याच्या कितीतरी आधीपासून हा तलाव शहराला पाणी देत आला. हरसिद्धी मातेचे मंदिर हे गावाचे दैवत. 1982 मध्ये महापालिका स्थापन झाली आणि आसपासच्या खेड्यांबरोबर हर्सूलही शहरात आले. शेताचे प्लॉट झाले, प्लॉटवर घरे झाली आणि ती घरे बांधण्यासाठी फुलंब्री, सिल्लोड, कन्नडकडची माणसे इथे येऊ लागली. त्यातली काही इथेच राहिली. बिगारी म्हणून आलेला गवंडी झाला, गवंड्याचा मिस्त्री झाला, मिस्त्र्याने पाच-सात माणसे जमवून कामे घ्यायला सुरुवात केली.

शहरातले काम संपले, किंवा शहरात दर पडला, की हाच माणूस बाहेरचे काम धरतो. कुणी बिडकीनला, कुणी पुण्याला वाघोली-हिंजवडीकडे, कुणी नाशिकला, कुणी थेट भिवंडीपर्यंत. हर्सूलपुढे सावंगीला समृद्धी महामार्गावर चढता येते. नागपूर ते शिर्डी हा महामार्गाचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता सुरू झाला. मुंबई काही तासांवर आली असे आपण म्हणतो, आणि मोटारीतून जाणाऱ्यासाठी ते खरेही आहे. पण या महामार्गावर दुचाकीला मनाई आहे. ज्या कारागिराकडे वाहन म्हणून फक्त मोटारसायकल आहे, त्याच्यासाठी हा रस्ता नाहीच. तो जुन्या रस्त्याने एसटीने जातो, किंवा ओळखीच्या टेम्पोत मागे बसतो.

या रस्त्याची आणखी एक किंमत आहे. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धीच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर लाँचर कोसळला आणि 20 जण ठार झाले. घरापासून दूर, कंत्राटावर, रात्रपाळीत काम करणारी ही माणसे होती. रस्ता वापरताना त्यांची आठवण ठेवली पाहिजे.

गुत्तेदार: ना मालक, ना मजूर

आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. हा शब्द कानावर पडला की पांढरी गाडी, पुढाऱ्यांची ओळख आणि टेंडर डोळ्यांसमोर येते. तसे गुत्तेदार आहेतच. पण त्यांच्या खाली दोन-तीन पायऱ्यांवर जो उभा आहे, तोही गुत्तेदारच. मोठी कंपनी काम घेते, ती ते भागांत वाटते, त्यातला एक भाग घेणारा पुढे सेंट्रिंग एकाला देतो, बांधकाम दुसऱ्याला, प्लास्टर तिसऱ्याला. शेवटचा माणूस ‘लेबर रेट’ने काम घेतो. सिमेंट, वाळू, सळई मालकाची. याचे फक्त हात आणि याची माणसे. दर चौरस फुटावर ठरतो, बहुतेक वेळा तोंडीच.

हा माणूस सकाळी स्वतः थापी हातात घेतो आणि संध्याकाळी हजेरीची वही लिहितो. माणसांना तो गावातून उचल देऊन आणतो. त्यांची खर्ची, म्हणजे आठवड्याच्या बाजारापुरते पैसे, ठरल्या दिवशी द्यावीच लागते. संभाजीनगरात गुरुवारी छावणीचा बाजार, शुक्रवारी चिकलठाण्याचा, रविवारी जाफर गेटचा. मजुराचा आठवडा बाजाराच्या दिवसावर चालतो. वरून येणारे बिल मात्र मोजमाप झाल्यावर, साहेबाची सही झाल्यावर, आणि कंपनीलाच तिचे पैसे मिळाले तर मिळते. मधल्या काळातली खर्ची तो व्याजाने काढतो किंवा बायकोच्या गळ्यातले गहाण ठेवतो. कामात खोट निघाली तर भरपाई त्याच्याकडून, अनामत अडकते ती त्याची.

जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात जलजीवन मिशनच्या कामातील एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली आणि थकलेल्या बिलांचा प्रश्न राज्यभर गाजला. त्यावर सरकारकडून उत्तर आले ते असे, की त्याच्या नावावर बिल थकलेले नाही, तो उपकंत्राटदार होता. कागदाच्या दृष्टीने हे उत्तर बरोबरही असेल. पण त्यातूनच खरी अडचण दिसते. काम ज्याच्या हातून होते, त्याचे नाव कागदावर नसते. नावच नाही, तर त्याचे बिल नाही, त्याचा विमा नाही, आणि तो रात्री कुठे झोपतो हे विचारणारेही कुणी नाही.

आठवड्याचा हिशेब

उदाहरणादाखल साधा हिशेब मांडू. एका गवंड्याची हजेरी 800 रुपये धरली, तर सहा दिवसांचे 4800 होतात. जाण्यायेण्याचे 600, दोन वेळच्या जेवणाचे रोज 150 प्रमाणे 900, चहा, साबण, मोबाइलचे 200 धरले, तर 1700 गेले. घरी आले 3100. आठवड्यात एक खाडा पडला तर 2300, कारण काम थांबले तरी खर्च थांबत नाही. खाडा तापामुळे असो, पावसामुळे असो की सिमेंट वेळेवर न आल्यामुळे असो, तो मजुराच्याच नावावर. गावात राहून 600 रुपये हजेरी मिळाली असती तर सहा दिवसांचे 3600 पूर्ण घरात आले असते. तरीही माणूस बाहेर जातो, कारण गावात सहा दिवस सलग काम मिळत नाही. बाहेर दर जास्त मिळतो म्हणून तो गेला असे म्हणणे अपुरे आहे. बाहेर खंड कमी पडतो म्हणून तो जातो.

आता सार्वजनिक वाहतुकीकडे पाहा. एसटीच्या मासिक पासात 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस प्रवास करता येतो. रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला, कामगाराला तो उपयोगी आहे. रेल्वेचा मासिक पास 150 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी आहे. महिन्यातून चार वेळा जाऊन चार वेळा येणाऱ्याला या दोन्हींतून काही मिळत नाही. तो महिन्याचे आठ प्रवास पूर्ण भाड्याने करतो, तेही शनिवारी रात्री आणि सोमवारी पहाटे, जेव्हा गाडीत उभे राहायलाही जागा नसते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे झाले. एखाद्या घरी आता बायकोनेच मुलाला घेऊन साइटवर जाऊन येणे स्वस्त पडते. पण तिथे गेली तर तिने उतरायचे कुठे?

झोपायची जागा

मोठ्या साइटवर पत्र्याची शेड असते. उन्हाळ्यात ती तापते, पावसाळ्यात खालून ओल येते. लहान साइटवर तेही नसते. ज्या इमारतीचा स्लॅब पडला आणि खालच्या सपोर्टच्या बल्ल्या निघाल्या, त्या मजल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून माणसे झोपतात. भिंती नाहीत, जिन्याला कठडा नाही, लिफ्टचा खड्डा उघडा. स्वयंपाक विटांच्या चुलीवर, सेंट्रिंगच्या फळकुटांवर. आंघोळ पाणी मारायच्या टाकीवर. शौचाला अंधारात बाहेर.

घराबाहेर राहणाऱ्या मजुराच्या झोपेचा प्रश्न आपल्या जिल्ह्याने दोनदा फार भयंकर रूपात पाहिला आहे. 8 मे 2020 च्या पहाटे, टाळेबंदीत, जालन्याच्या स्टील कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या गावी जाण्यासाठी रुळांच्या कडेने चालत निघालेले मजूर दमून करमाडजवळ रुळांवरच झोपले. मालगाडीखाली 16 जण गेले. त्यानंतर 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामगार कारखान्यातच झोपलेले होते. 6 जण गेले, बहुतेक बिहारचे. दोन्ही घटनांची कारणे निराळी, परिस्थिती निराळी. पण दोन्हीकडे माणसे अशा जागी झोपली होती जी झोपण्यासाठी नव्हती. कामाला माणूस हवा होता. त्याच्या रात्रीची जबाबदारी कुणाची, हे ठरलेले नव्हते.

तसा याबद्दल कायदा झालेला आहे. 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम 34 मध्ये स्पष्ट लिहिले गेले, की काम चालू असेपर्यंत मालकाने कामगारांना कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ तात्पुरता निवारा द्यावा, तोही मोफत; आणि त्यात स्वयंपाकाची, आंघोळीची, धुण्याची, शौचालयाची स्वतंत्र सोय असावी. दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांसाठी हा कायदा होता. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर गोळा होतो तोही याच व्यवस्थेतून, आणि त्यातून महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ चालते. गावोगाव लोकांना या मंडळाची ओळख सुरक्षा साहित्याच्या ‘पेटी’मुळे आणि भांड्यांच्या संचामुळे आहे. ‘पेटी मिळाली का?’ असे एकमेकांना विचारले जाते. ‘साइटवर राहायची खोली मिळाली का?’ असे कुणी विचारत नाही, कारण ती मागता येते हेच बहुतेकांना ठाऊक नाही. शिवाय मंडळात नोंदणीसाठी वर्षातले 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तीन जिल्ह्यांत, पाच साइटवर तुकड्यातुकड्याने काम केलेल्या माणसाने तो कुणाकडून आणायचा?

कायद्याने मोजलेले अंतर

घरापासूनच्या अंतराला किंमत असते, हे आपल्या कायद्यांना आणि नियमांना चांगले समजते. सरकारी नोकर मुख्यालयापासून 8 किलोमीटरपलीकडे दौऱ्यावर गेला की दैनिक भत्त्याचा विचार होतो. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात गावापासून 5 किलोमीटरपलीकडे काम दिले तर प्रवास आणि राहणीच्या वाढीव खर्चापोटी 10 टक्के जादा मजुरी ठरवली गेली. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने तर ठेकेदारामार्फत परराज्यात नेलेल्या मजुराला महिन्याच्या मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता, प्रवासखर्च आणि राहण्याची योग्य जागा देण्याचे बंधन घातले. पाळणूक किती झाली हा वेगळा विषय; पण तत्त्व मान्य झाले.

आपला गुत्तेदार आणि त्याचा गवंडी या तिन्हींच्या मधल्या फटीत पडतात. सरकारी नोकर ते नाहीत, हमीचे काम ते करत नाहीत, आणि त्यांनी राज्याची हद्द ओलांडलेली नाही. बऱ्हाणपूरहून जळगावला आलेला मजूर कायद्याने स्थलांतरित ठरतो. गडचिरोलीहून मुंबईला गेलेला ठरत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी जुने कायदे आपल्यात सामावून घेतले, तरी स्थलांतरिताची ओळख राज्याच्या सीमेवरूनच होते. महाराष्ट्रासारख्या एवढ्या मोठ्या राज्यात हा निकष अपुरा आहे.

एका बाबतीत मात्र वाट मोकळी झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक पहारेकरी 22 एप्रिल 2003 रोजी पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवर जाताना, कारखाना 5 किलोमीटरवर असताना अपघातात गेला. भरपाईचा वाद वर्षानुवर्षे चालला. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, त्याचा वेळ, जागा आणि कामाशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच अपघात मानता येईल. बावीस वर्षांनी त्या कुटुंबाला न्याय मिळाला. शनिवारी रात्री ट्रकला हात दाखवून घरी निघणाऱ्या मजुरासाठी हा निकाल मोलाचा आहे, पण त्यासाठी तो कुणाचा तरी कामगार आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. आणि छोटा गुत्तेदार स्वतः तर कुणाचाच कामगार नसतो.

गिरणगावाने केले ते

घर सोडून कामाला जाणे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या गिरण्या कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पुरुषांनी चालवल्या. एका गावची माणसे मिळून खोली घेत, पाळीपाळीने झोपत. गावाचे मंडळ त्या खोलीचा हिशेब ठेवी, नव्या पोराला जागा देई, आजाऱ्याला गावी पोहोचवी. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायकांनी केली. आणि त्या बायकांना सावकारीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खोली, खाणावळ आणि गावमंडळ या तीन आधारांवर घराबाहेरचा माणूस टिकला. चाळीतले जगणे सुखाचे होते असे नाही. पण तो एकटा नव्हता.

आजच्या साइटवरचा माणूस दर तीन-चार महिन्यांनी जागा बदलतो. त्याच्याभोवती मंडळ उभे राहायला वेळच मिळत नाही. पुण्यात कंत्राटी पगारावर सॉफ्टवेअरचे काम करणारा आमचा तरुणही रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतो आणि शुक्रवारी परततो. त्याचीही नोकरी दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असते. फरक एवढाच की त्याला कॉट मिळते आणि दाराला कडी असते. गवंड्याला निदान तेवढे मिळावे, ही मागणी मोठी नाही.

घरात उरलेले

सहा दिवस घर बायको चालवते. जनावरांचे पाणी, कापसाची वेचणी, सासूचे औषध, पोराची फी, सगळे तिच्याकडे; निर्णय मात्र फोनवर विचारून. बाप रविवारी घरी असतो तेव्हा शाळा बंद असते, म्हणून तो मुलाच्या शिक्षकांना ओळखत नाही. रविवारचा निम्मा दिवस झोपेत जातो, उरलेला देण्याघेण्यात. मूल वडिलांशी बोलायला सरावते तोवर बॅग भरायची वेळ होते.

सरकारी कामाचे तर आणखी अवघड. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. ज्याची सुट्टी रविवारी, त्याला शनिवारी अर्धा दिवस जरी मिळाला तरी तहसील बंद. फेरफार असो, दाखला असो की अंगठा लावायचे काम असो, प्रत्येक कामासाठी एक खाडा. आठवडाभर बाहेर राबणारा माणूस स्वतःच्या गावात नागरिक म्हणून उभाच राहू शकत नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट सरकारने करावी. स्थलांतरित कोण हे राज्याच्या सीमेवरून ठरवण्याऐवजी अंतरावरून ठरवावे. घरापासून 50 किलोमीटरपलीकडे मुक्कामी काम असेल तर राहण्याची सोय आणि आठवड्याचा परतीचा प्रवासखर्च हा दराचा भाग असावा, आणि सरकारी कामांच्या दरसूचीत त्याची वेगळी ओळ असावी. दुसरी, एसटीने आठवड्याला ये-जा करणाऱ्यांसाठी सवलतीचा पास काढावा. तिसरी, महिन्यातून एक शनिवार तहसील आणि कामगार मंडळाची केंद्रे उघडी ठेवावीत, आणि 90 दिवसांचे दाखले वेगवेगळ्या जिल्ह्यांतले एकत्र मोजावेत. यातले काहीही खर्चाने अशक्य नाही.

चौथी गोष्ट मात्र तुमच्या-आमच्या हातात आहे. आपण फ्लॅट घेतो, घर बांधतो, सोसायटीची गच्ची दुरुस्त करतो, शाळेला खोल्या बांधतो. प्रत्येक वेळी दर विचारतो, मुदत विचारतो, सिमेंट कोणते ते विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा: तुमची माणसे रात्री कुठे राहणार? करारनाम्यात एक ओळ घाला, की काम चालू असेपर्यंत बंद दाराची खोली, पिण्याचे पाणी आणि शौचालय मिळेल, आणि त्याचा खर्च दरात धरला आहे. गुत्तेदार दर थोडा वाढवेल, तो द्या. आपल्या घराच्या भिंती ज्याच्या हातून उभ्या राहतात, त्याला त्या पाच रात्री छप्पर देणे हा बांधकामाचाच खर्च आहे आणि तो आपणच भरला पाहिजे.